भद्रावतीचे विजासन लेणे आणि तळ्यातले बेट

गडचांदूर, राजुरा, कोरपना या भागातील वाचकांना प्राचीन बौद्ध स्थळ पाहावयाचे झाल्यास अजिंठा, वेरूळ किंवा नाशिक येथेच जावे लागते, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः वर्धा नदी ओलांडून सुमारे पाऊणशे किलोमीटरचे अंतर कापले, की चंद्रपूर-नागपूर रस्त्यावरील भद्रावती येथे डोंगरात कोरलेले बौद्ध लेणे पाहावयास मिळते. याच गावात पाण्याने वेढलेले एक बेट असून, त्यावर जाण्यासाठी प्राचीन काळी बांधलेला दगडी पूल आहे. लेणे आणि बेट ही दोन्ही स्थळे एकाच फेरीत पाहून होतात. मात्र ती पाहताना दोहोंची सरमिसळ होणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. भद्रावतीविषयी वर्षानुवर्षे जे सांगितले आणि लिहिले गेले, त्यात दगडाने दिलेला पुरावा कोणता, दंतकथा कोणती आणि अभ्यासकांनी पुढे मागे घेतलेली मते कोणती, हे वेगळे करून पाहणे हाच या स्थळाला न्याय देण्याचा मार्ग आहे.

जुने भांदक, आजची भद्रावती

भद्रावती हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत त्याचा उल्लेख भांदक असा येतो आणि रेल्वे स्थानक आजही त्याच नावाने ओळखले जाते. कोळशाच्या खाणी आणि आयुध निर्माणी यांमुळे हा परिसर औद्योगिक म्हणून परिचित आहे. ताडोबाच्या जंगलाकडे जाणारी वाहने येथून जवळच वळतात. त्यामुळे नागपूरहून येणारा पर्यटक बहुधा गावाला वळसा घालून पुढे निघून जातो. गावात शिरणाऱ्याला मात्र ठिकठिकाणी जुन्या वस्तीच्या खुणा आढळतात. किल्ल्याची तटबंदी, तळी, मंदिरांचे अवशेष, टेकड्यांमधील लेणी आणि नव्या बांधकामात बसविलेले जुने कोरीव दगड या साऱ्यांवरून येथे एकेकाळी मोठे नगर नांदत होते, याविषयी शंका उरत नाही.

या नगराला पुराणकथेचेही वलय आहे. जैमिनीच्या अश्वमेधकथेत यौवनाश्व राजाच्या भद्रावती नगरीचे वर्णन असून, धर्मराजाच्या यज्ञासाठी तेथून श्यामकर्ण घोडा नेण्याचा प्रसंग त्यात येतो. ती नगरी म्हणजे हीच भद्रावती, अशी स्थानिक श्रद्धा आहे. श्रद्धा म्हणून तिचा आदर करावा; इतिहासाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग करता येत नाही.

विजासन लेणे

गावाच्या नैऋत्येस सुमारे दोन किलोमीटरवर विजासन टेकडी आहे. या टेकडीच्या पोटात लेणे कोरलेले आहे. सह्याद्रीतील लेण्यांची सवय असलेल्या प्रेक्षकाला येथे प्रथम थोडे चुकल्यासारखे वाटते. कार्ले येथे असतो तसा उंच चैत्य आणि पिंपळपानाच्या आकाराची कमान येथे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दिसतो तसा मोठा चौक आणि त्याभोवती भिक्षूंच्या खोल्या, अशीही रचना नाही. येथे आहे ती डोंगरात सरळ आत शिरणारी, बोगद्यासारखी अरुंद वाट. जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये तिची लांबी ७१ फूट, म्हणजे सुमारे साडेएकवीस मीटर नोंदविली आहे. या वाटेच्या टोकाशी एक गर्भगृह असून, त्यात बाकासारख्या ओट्यावर बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती आहे.

मुख्य वाटेला काटकोनात डावीकडे आणि उजवीकडे आणखी दोन वाटा फुटतात. त्यांच्याही टोकाला गर्भगृहे असून तेथेही बुद्धमूर्ती आहेत. एका प्रवेशातून तीन दिशांना तीन गर्भगृहे, असा हा सुटसुटीत आराखडा आहे. डोंगराच्या अंतर्भागात गेलेला कोणताही मार्ग बुद्धमूर्तीपाशीच जाऊन थांबतो. निवासापेक्षा दर्शन आणि ध्यान यांचा विचार या रचनेमागे असावा, असे तिच्याकडे पाहून वाटते.

मूर्तींची मोठ्या प्रमाणावर झीज झाली आहे. चेहऱ्याचे बारकावे, वस्त्राच्या चुण्या, हातांच्या मुद्रा यांचा नेमका आकार आज सर्वत्र ओळखू येत नाही. दगडाची प्रत, झिरपणारे पाणी आणि शतकानुशतकांचा मानवी वावर यांचा हा परिणाम आहे. अजिंठ्याची चित्रे डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्याची येथे निराशा होण्याचा संभव आहे. उलट, दाराशी उभे राहून डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे आणि मग हळूहळू आत जावे, तर दूरवरच्या गर्भगृहातील आकृती अंधारातून उमटत जाते. लेण्याची मांडणी कळण्याचा हाच योग्य क्रम आहे. बॅटरीचा झोत पहिल्या क्षणीच मूर्तीवर टाकल्यास हा अनुभव हातचा जातो.

लेण्याचा काळ

हे लेणे सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कोरले गेले, असे सर्वत्र सांगितले जाते. विदर्भात सातवाहनांची सत्ता होती, हे नाण्यांवरून सिद्ध आहे. त्यामुळे हे विधान अशक्य कोटीतील नाही. तथापि, येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पश्चिम भारतातील सर्वात जुन्या लेण्यांत बुद्धाची पूजा मूर्तिरूपाने होत नसे. स्तूप, पादुका, बोधिवृक्ष, धम्मचक्र ही तेथील प्रतीके होत. गर्भगृहात बसलेली भव्य बुद्धमूर्ती ही योजना महाराष्ट्रातील लेण्यांत मुख्यतः पाचव्या शतकापासून, वाकाटकांच्या काळात अजिंठ्यास प्रकर्षाने दिसू लागते.

म्हणून विजासनचा विचार करताना डोंगर कोरण्याचा काळ आणि मूर्ती घडविण्याचा काळ हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. वाट आधी खोदली आणि मूर्ती नंतर कोरली, किंवा दोन्ही एकाच, उशिराच्या काळात झाले, या शक्यता मोकळ्या ठेवणे इष्ट. फलकावरील एका शतकाच्या आकड्यावर समाधान मानण्यापेक्षा हा प्रश्न मनात ठेवून लेणे पाहिले, तर पाहणे अधिक सजग होते.

डोलारा तलाव आणि बेटाकडे जाणारा पूल

भद्रावतीतील दुसरे महत्त्वाचे स्थळ म्हणजे डोलारा तलाव. या तलावात एक बेट आहे आणि ते काठाशी जोडणारा प्राचीन दगडी पूल आहे. जुन्या नोंदींनुसार त्याची लांबी १३६ फूट आणि रुंदी ७ फूट, म्हणजे सुमारे ४१ मीटर आणि २ मीटर. पुलाला कमान नाही. दगडी खांबांच्या दोन रांगा पाण्यात उभ्या केल्या असून, त्यांच्या माथ्यावर जड दगडी तुळया आडव्या टाकल्या आहेत. त्या तुळया हाच चालण्याचा रस्ता.

खांबावर तुळई ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडील जुन्या दगडी मंदिरांची आहे. सभामंडप उभारणाऱ्या कारागिराने तीच विद्या पाण्यावर वापरली, असे या पुलाबाबत म्हणता येईल. तुळईचे वजन सरळ खांबावर आणि खांबाचे वजन तळाच्या दगडावर येते. कमानीप्रमाणे बाजूला रेटा येत नाही. पाया पक्का आणि दगड निवडक असेल तोवर असे बांधकाम टिकते. मात्र एक खांब खचला, की त्यावरील तुळया खाली येतात. म्हणूनच अशा पुलाच्या खांबांजवळ गाळ उपसताना किंवा तलावाच्या सुशोभीकरणाचे काम करताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

लेणे बौद्ध आहे, म्हणून बेटावरील वास्तूही बौद्धच, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. पूल स्वतः कोणताही पंथ सांगत नाही. भद्रावतीच्या परिसरात बौद्ध, जैन, शैव, शाक्त आणि नागपूजक अशा सर्व परंपरांचे अवशेष मिळतात. तेव्हा बेटाला बौद्ध मंदिराचे बेट म्हणण्याऐवजी, बौद्ध लेणे असलेल्या प्राचीन नगरातील बेट असे म्हणणे अधिक काटेकोर ठरेल.

पाण्याने वेढलेल्या बौद्ध स्थळाचे स्पष्ट उदाहरण पाहावयाचे असल्यास महाराष्ट्रातच मुंबईजवळील घारापुरी बेट आहे. शैव लेण्यांसाठी ते जगप्रसिद्ध असले आणि १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याच लेण्यांमुळे समाविष्ट झाले असले, तरी बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. दुसरे उदाहरण कृष्णा नदीवरील नागार्जुनकोंडा. तिसऱ्या-चौथ्या शतकांत इक्ष्वाकू राजांची विजयपुरी ही राजधानी तेथील खोऱ्यात होती. नागार्जुनसागर धरणामुळे ते खोरे बुडणार, हे निश्चित झाल्यावर १९५४ ते १९६० या काळात मोठे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू उचलून टेकडीच्या माथ्यावर नेण्यात आल्या. पाणी चढले, टेकडीचे बेट झाले. आज तेथे संग्रहालय असून होडीने जावे लागते. तेथे बेट आधुनिक आणि वास्तू प्राचीन आहेत. भद्रावतीत बेटाकडे जाणारी वाटच प्राचीन आहे.

युआन श्वांग, नागार्जुन आणि राजधानीचा वाद

भद्रावतीच्या बौद्ध इतिहासाची चर्चा चिनी यात्रेकरू युआन श्वांग याच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. मराठी वाचक त्याला ह्युएन त्संग या नावाने ओळखतात. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात तो भारतात आला. त्याच्या प्रवासवृत्तात कोसल नावाच्या देशाचे वर्णन आहे. हा उत्तरेकडील अयोध्येचा कोसल नव्हे, तर दक्षिण कोसल होय. तेथे शंभर विहार आणि दहा हजार भिक्षू असल्याचे, तसेच सातवाहन राजाने आचार्य नागार्जुनासाठी डोंगर कोरून विहार करविल्याचे तो सांगतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी आणि अभ्यासक या राजधानीचा शोध घेत होते. चांदा, वैरागड, भांदक अशी नावे त्यात पुढे आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या दोन हंगामांत मध्य प्रांताचा दौरा केला आणि भांदकच्या अवशेषांची तपशीलवार नोंद आपल्या अहवालात केली. वाकाटकांची राजधानी म्हणूनही भांदकचे नाव त्या काळी घेतले गेले.

पुढील शतकात पुरावा वाढला आणि चित्र बदलले. ताम्रपटांवरून वाकाटकांच्या राजधान्या नंदिवर्धन, प्रवरपूर आणि वत्सगुल्म असल्याचे स्पष्ट झाले. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळील नगरधन, तर वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. दक्षिण कोसलाचे केंद्र छत्तीसगडमधील सिरपूरकडे सरकले. तेथील उत्खननांत विहारही सापडले. तरीही जुन्या ग्रंथांतील विधाने माहितीपत्रकांतून आजवर फिरत राहिली आहेत. कनिंगहॅम यांचे श्रम मोलाचे होते. परंतु त्यांच्या हाती नसलेला पुरावा आज आपल्या हाती आहे, हे विसरता कामा नये.

एका शिलालेखाची कथा

याच संदर्भात एका शिलालेखाची हकीकत सांगण्याजोगी आहे. पांडुवंशी राजा भवदेव रणकेसरी याच्या काळातील एक संस्कृत शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात आहे. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी १९०५ साली त्याचे वाचन प्रसिद्ध केले. सूर्यघोष नावाच्या राजाचा लाडका मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला. त्या दुःखात राजाने बुद्धाचे भव्य मंदिर उभारले. पुढे ते जीर्ण झाल्यावर भवदेवाच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला, असा त्याचा आशय आहे. पुत्रवियोगाने व्याकूळ झालेल्या पित्याने बुद्धाला शरण जावे, ही घटना वाचकाच्या मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

हा लेख भांदकचा म्हणून दीर्घकाळ ओळखला गेला. साहजिकच, सूर्यघोषाने बांधलेले ते मंदिर म्हणजे भांदकचे बौद्ध स्थान, असे समीकरण जुळले. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा लेख मूळचा छत्तीसगडमधील आरंग येथील असल्याचे प्रतिपादन केले. पांडुवंशी राजांचा प्रदेश पाहता हे मत सयुक्तिक ठरते. संग्रहालयात येणाऱ्या दगडासोबत तो कोठून आला याची नोंद चुकली, तर एका गावाचा इतिहास दुसऱ्या गावाच्या खात्यावर जमा होतो. भद्रावतीची कथा सांगताना सूर्यघोषाचा उल्लेख करावयाचा असेल, तर हा खुलासाही केला पाहिजे.

हा शिलालेख वजा केल्याने भद्रावतीचे महत्त्व उणे होत नाही. येथे मिळालेला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२ मधील आहे. त्यात सूर्यमंदिरास दिलेल्या दानाची नोंद आहे. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्या राजाचे नाव जोडले जाते, तोच हा कृष्ण. आठव्या शतकात या भागावर राष्ट्रकूटांचा अंमल होता आणि येथे सूर्योपासनाही चालू होती, हे त्यावरून दिसते.

जिल्ह्यातील आणखी पुरावे

चंद्रपूर जिल्ह्याचा बौद्ध इतिहास विजासनवर संपत नाही. नागभीड तालुक्यातील देवटेक येथे मौर्यकालीन ब्राह्मी लिपीतील लेख मिळाला. प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी आज्ञा त्यात आहे. मिराशी यांनी त्याचा संबंध सम्राट अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला. त्याच शिळेवर पुढे चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख कोरला गेला. एकाच दगडावर सहा-सातशे वर्षांच्या अंतराने दोन राजवटींची अक्षरे आढळावीत, ही या प्रदेशातील सलग वस्तीची साक्ष आहे.

वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. त्यात मोठ्या स्तूपांचे अवशेष उजेडात आले. तेथील शिल्पांत बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचाही समावेश आहे. पवनी, देवटेक आणि भद्रावती ही नावे नकाशावर जोडली, की वैनगंगा आणि वर्धा यांच्या दुआबातील प्राचीन वाटा नजरेसमोर येतात. विजासन लेणे एकाकी नव्हते. ते या वाटांवरील एक मुक्काम होते, असे मानणे सयुक्तिक आहे.

१९५६ नंतरचे भद्रावती

विजासनला आज येणारा माणूस केवळ पर्यटक नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चंद्रपूर येथे आले आणि तेथेही मोठा धम्मदीक्षा सोहळा झाला. त्या वेळी शहराचे नाव चांदा असे होते. बाबासाहेबांच्या हस्ते धम्मदीक्षा झालेली नागपूरनंतरची ही भूमी म्हणून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला वेगळे स्थान आहे. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तेथे मोठा समुदाय जमतो.

ज्या कुटुंबांनी त्या वर्षी धम्म स्वीकारला, त्यांच्यासाठी जवळच्याच टेकडीत शतकानुशतके बसून असलेली बुद्धमूर्ती हा केवळ पुरातत्त्वाचा विषय राहिला नाही. आपला धम्म याच मातीतला आहे, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा झाला. म्हणूनच विजासनविषयी बोलताना काटेकोरपणा अधिक गरजेचा ठरतो. शंकास्पद आधार घेऊन मोठा दावा केला, तर तो आधार कोसळताच खऱ्या वारशाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. विजासनच्या तीन गर्भगृहांतील बुद्धमूर्तींना कोणत्याही उसन्या शिलालेखाची किंवा राजधानीच्या बिरुदाची आवश्यकता नाही.

एका गावात अनेक वाटा

लेणे आणि बेट पाहिल्यानंतर वेळ असल्यास गावातील इतर स्थळेही पाहावीत. भद्रनागाचे मंदिर नागपूजेच्या प्राचीन परंपरेचे असून त्याच्या परिसरात जुने कोरीव दगड दिसतात. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथाचे मंदिर हे जैनांचे मान्यवर तीर्थ आहे. गवराळा येथील वरदविनायकाचे दर्शन भाविक आवर्जून घेतात. चंडिका मंदिराचे अवशेषही पाहण्याजोगे आहेत. ही यादी वाचताना एका नगरात इतक्या उपासना कशा नांदल्या, असा प्रश्न पडतो. व्यापारी मार्गावरील नगरांत निरनिराळ्या पंथांना आश्रयदाते मिळत, हे त्याचे सर्वसाधारण उत्तर. एका पंथाने दुसऱ्याची जागा नेहमी बळानेच घेतली असे नव्हे, आणि नेहमी सलोखाच होता असेही नव्हे. प्रत्येक अवशेषाची कथा स्वतंत्रपणे तपासावी लागते.

कसे जावे

गडचांदूरहून राजुरा, बल्लारपूर मार्गे चंद्रपूर गाठता येते. दुसरा मार्ग भोयगावच्या पुलावरून जातो. दोन्ही मार्गांवर वर्धा नदी ओलांडावी लागते. पावसाळ्यात नदीला पूर आल्यास हे रस्ते बंद होतात, म्हणून जुलै ते सप्टेंबर या काळात निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक आहे. चंद्रपूरहून नागपूरच्या दिशेने साधारण पाऊण तासात भद्रावती येते. या रस्त्यावर एसटी बसगाड्यांची वर्दळ असते. रेल्वेने येणाऱ्यांसाठी नागपूर-बल्लारशा मार्गावरील भांदक हे स्थानक आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात अनुकूल. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत निघावेच लागल्यास लेणे सकाळी लवकर पाहून दुपारच्या आत परतावे. वैशाखी पौर्णिमा आणि ऑक्टोबरमधील धम्मचक्र प्रवर्तनाचे दिवस गर्दीचे असतात. वंदनेसाठी जाणाऱ्यांना तो सोहळा मोलाचा वाटेल. वास्तू निवांत पाहावयाची असल्यास अन्य दिवस निवडावा. दोन्ही स्थळे आणि गावातील मंदिरे पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. सोबत पाणी आणि लहान बॅटरी ठेवावी.

भेट देणाऱ्याची जबाबदारी

विजासन लेणे हे केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची मोडतोड, विद्रूपीकरण किंवा त्यावर नावे कोरणे हा गुन्हा आहे. २०१० मधील दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच दुरुस्तीने संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी घातली आणि त्यापुढील २०० मीटरवर नियंत्रण आणले.

कायद्यापेक्षा वापरणाऱ्यांचा विवेक अधिक उपयोगी पडतो. बंदिस्त लेण्यात मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावल्यास धुराची काजळी छतावर आणि मूर्तींवर साचते. झिजलेल्या दगडाला वारंवार हात लावणे, रंग देणे, तेल वा पाणी ओतणे यांनी झीज वाढते. पुष्पे वाहावयाची झाल्यास ती मूर्तीपासून अंतरावर ठेवावीत आणि परतताना निर्माल्य सोबत न्यावे. वंदना मंद स्वरात म्हणावी. अरुंद वाटेत आवाज दुणावतो आणि ध्यानस्थ बसलेल्यांना त्याचा त्रास होतो. तलावाच्या पुलावर गर्दी करू नये. खांबांवर चढणे, तुळयांवरून उड्या मारणे टाळावे.

शाळांच्या सहलींसाठी हे स्थळ विशेष उपयुक्त आहे. लेण्याचा आराखडा वहीत काढणे, पुलाच्या खांब-तुळईची रचना समजून घेणे, फलकावरील विधान आणि डोळ्यांना दिसणारी वस्तू यांची तुलना करणे, हे इतिहासाचे प्रत्यक्ष पाठ आहेत. गडचांदूर-राजुरा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. त्यानंतर तो काही काळ नांदेडकडे राहिला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. नदीच्या दोन्ही तीरांचा इतिहास एकत्र वाचण्याची सवय त्यामुळे तुलनेने अलीकडची आहे. या भागातील विद्यार्थ्यांनी नदी ओलांडून विजासन पाहावे आणि परतताना, ज्याचे आपण रोज नाव ऐकतो त्या माणिकगडाच्या इतिहासालाही तेच प्रश्न विचारावेत: हे कोणी सांगितले, कशाच्या आधारे सांगितले आणि दगड स्वतः काय दाखवितो?